‘डिस्कस अबाउट’ काहून चुकते? इंग्रजी क्रियापदे आणि ‘टू-फॉर-ऑन’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वावरातून लोक परतले की संध्याकाळी सातनंतर समाजमंदिराच्या ओसरीवर आमचा इंग्रजीचा वर्ग भरतो. दहावी-बारावीची पोरे असतात, तलाठी भरतीची तयारी करणारे असतात. पोराला सोडायला आलेली एखादी आईही मागे बसून ऐकते, आणि बरेचदा सगळ्यात नेमका प्रश्न तीच विचारते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे लिहून ठेवले आहेत. इंग्रजी वाक्ये देवनागरीत आहेत. वहीत उतरवताना स्पेलिंगसकट उतरवा.

सर, ‘डिस्कस अबाउट’ काहून चुकते? आपण तं ‘पाण्याच्या प्रश्नावर चर्चा केली’ असंच म्हणतो ना?

म्हणतो, आणि चूक तिथूनच सुरू होते. ‘चर्चा करणे’ हे मराठीत दोन शब्दांचे काम आहे. ‘चर्चा’ हे नाम, ‘करणे’ हे क्रियापद. चर्चा कशावर, तर प्रश्नावर. हा ‘वर’ ‘चर्चा’ या नामामुळे आला, ‘करणे’मुळे नाही. इंग्रजीतही नाम वापरले की त्याच्या मागून प्रिपोझिशन, म्हणजे ‘टू’, ‘फॉर’, ‘ऑन’, ‘अबाउट’ यांसारखा जोडणारा शब्द, येते: ‘अ डिस्कशन अबाउट वॉटर’. पण ‘डिस्कस’ हे एकटेच पूर्ण क्रियापद आहे. ‘च्यावर चर्चा करणे’ एवढे सगळे त्याच्या पोटातच आहे. म्हणून ‘द ग्रामपंचायत डिस्कस्ड द वॉटर प्रॉब्लेम’, मध्ये काही नाही.

हे एकदा डोक्यात बसले की अर्ध्या चुका आपोआप जातात, कारण मराठीत असे ‘नाम अधिक करणे’ ढिगाने आहेत. हल्ला करणे, मागणी करणे, विनंती करणे, भेट देणे, परिणाम होणे, भर देणे, संपर्क साधणे. या सगळ्यांत आपण ‘वर’, ‘ची’, ‘शी’ लावतो आणि इंग्रजी बोलताना तेच ओढून नेतो. आता जोड्या बघा.

‘द लेपर्ड अटॅक्ड द गोट’, पण ‘ॲन अटॅक ऑन द गोट’.
‘द फार्मर्स डिमांडेड कॉम्पेन्सेशन’, पण ‘द डिमांड फॉर कॉम्पेन्सेशन’.
‘वी व्हिजिटेड सेवाग्राम’, पण ‘अवर व्हिजिट टू सेवाग्राम’.
‘द रेन अफेक्टेड द कॉटन’, पण ‘द इफेक्ट ऑफ द रेन ऑन द कॉटन’.
‘अवर व्हिलेज लॅक्स अ डॉक्टर’, पण ‘द लॅक ऑफ अ डॉक्टर’.
‘ही एम्फसाइज्ड हायजीन’, पण ‘द एम्फसिस ऑन हायजीन’.

घोटाळा जास्त होतो तो ‘डिमांड’, ‘रिक्वेस्ट’, ‘ऑर्डर’, ‘अटॅक’, ‘व्हिजिट’, ‘आन्सर’, ‘फिअर’, ‘लॅक’, ‘कॉन्टॅक्ट’ यांच्यात. हे शब्द नामही आहेत आणि क्रियापदही, आणि स्पेलिंग तेच. ओळखायचे कसे? शब्दाच्या आधी ‘अ’, ‘द’ किंवा ‘माय’ बसते का बघा. बसले तर ते नाम, मागे प्रिपोझिशन लागेल. नाही बसले तर ते क्रियापद आहे, आणि या शब्दांपुरते तरी पुढे थेट कर्म येईल.

मी स्वतः पहिल्या नोकरीच्या अर्जात ‘आय रिक्वेस्ट फॉर ॲन इंटरव्ह्यू’ लिहिले होते. मुलाखतीला बोलावणे आले. समोर टेबलावर माझाच अर्ज होता आणि त्या ‘फॉर’वर लाल पेनाने गोल केलेला होता. नोकरी मिळाली नाही. कारण तो ‘फॉर’च होता असे काही मी म्हणत नाही, पण तो लाल गोल अजून दिसतो.

म्हणजे नामाला लावायचं, क्रियापदाला कधीच नाही, असा नियम धरू का?

नाही. नियम एकाच बाजूने पक्का आहे. वरच्या शब्दांना नाम झाल्यावर प्रिपोझिशन लागते, हे खरे. पण काही क्रियापदांना ते दोन्हीकडे लागते: ‘वेट फॉर’, ‘होप फॉर’, ‘व्होट फॉर’, ‘रिप्लाय टू’. त्यामुळे क्रियापद नवीन असेल तर तपासल्याशिवाय सोडू नका.

‘आन्सर’ आणि ‘रिप्लाय’ हे दोन सख्खे भाऊ वाटतात, पण वागतात वेगळे. ‘आन्सर द क्वेश्चन’, पण ‘रिप्लाय टू द लेटर’. तसेच ‘अवेट द रिझल्ट’ आणि ‘वेट फॉर द रिझल्ट’.

आमच्याकडं सगळ्यालेच ‘ले’ लागते. मले, तुले, त्याले, गावाले. मग ‘ले’ म्हणजे ‘टू’ असं लिहिलं तं चालते का?

हा प्रश्न वऱ्हाडातच येऊ शकतो, आणि फार चांगला आहे. आपला ‘ले’, म्हणजे पुस्तकी मराठीतला ‘ला’, दोन कामे करतो. ‘त्याले पुस्तक दे’ यात कोणाला मिळाले ते सांगतो, आणि ‘त्याले पाह्यलं’ यात नुसते कर्म दाखवतो. वरून ‘गावाले चाललो’ यात दिशाही दाखवतो. इंग्रजी ‘टू’ला यातले दुसरे काम येत नाही. म्हणून ‘आय सॉ टू हिम’ होत नाही, ‘आय सॉ हिम’ होते. ‘आय हेल्प्ड टू माय फादर’ नाही, ‘आय हेल्प्ड माय फादर’.

दिशेचे तर शब्दागणिक वेगळे आहे. ‘गो टू द व्हिलेज’, पण ‘रीच द व्हिलेज’. ‘कम टू द फील्ड’, पण ‘एन्टर द फील्ड’. ‘अराइव्ह’ला ‘टू’ चालतच नाही: बसस्टँड असेल तर ‘अराइव्ह ॲट’, नागपूर असेल तर ‘अराइव्ह इन’. आणि ‘होम’ हा लाडावलेला शब्द आहे, ‘गो होम’, ‘रीच होम’, त्याला कुठेच ‘टू’ नको.

सांगण्या-बोलण्याची क्रियापदे मात्र पाठच करावी लागतात. ‘टेल मी’, ‘आस्क मी’, ‘टीच मी’, ‘शो मी’, ‘गिव्ह मी’ इथे थेट माणूस येतो. ‘से टू मी’, ‘एक्सप्लेन इट टू मी’, ‘डिस्क्राइब इट टू मी’, ‘सजेस्ट इट टू मी’ इथे ‘टू’ हवे. ‘सर, एक्सप्लेन मी द लेसन’ हे वाक्य वर्गात रोज ऐकतो. ‘एक्सप्लेन द लेसन टू मी’ म्हणा. साधारण असे दिसते की ‘गिव्ह’, ‘टेल’, ‘टीच’ हे इंग्रजीचे जुने, घरचे, आखूड शब्द दोन कर्मे जवळ जवळ बसवू देतात आणि लॅटिनकडून आलेले लांब शब्द देत नाहीत. अपवाद निघतात, पण अंदाज बांधायला पुरते.

इंग्रजीत आपल्यासारख्या विभक्त्या काहून नाहीत?

होत्या. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामाला प्रत्यय लागायचे. ‘राजा’ला ‘क्युनिंग’ म्हणत आणि ‘राजाला’ म्हणायचे तर ‘थाम क्युनिंगे’ व्हायचे. पुढे उच्चारात शब्दांची शेवटची टोके झिजत गेली आणि प्रत्यय गळाले. आता मुख्यतः सर्वनामात त्यांचा अवशेष उरला आहे: ‘ही-हिम’, ‘शी-हर’, ‘दे-देम’. प्रत्यय गेल्यावर कर्ता कोण आणि कर्म कोण हे कसे कळणार? म्हणून शब्दांची जागा पक्की झाली आणि उरलेले काम प्रिपोझिशनने उचलले. मराठीत ‘वाघाले कुत्र्यानं पाह्यलं’ म्हणा की ‘कुत्र्यानं वाघाले पाह्यलं’, बघणारा कुत्राच राहतो. इंग्रजीत जागा बदलली की वाघ कुत्र्याला बघू लागतो.

दुसरी गोष्ट १०६६ नंतरची. फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि फ्रेंच-लॅटिन शब्द गाडाभर आले. त्यातल्या कित्येकांच्या पोटात प्रिपोझिशन आधीच शिवलेले आहे. ‘अप्रोच’ आणि ‘अटेंड’ यांच्या सुरुवातीचा ‘अ’ हा लॅटिनमधल्या ‘आद्’चा, म्हणजे ‘कडे’चा उरलेला तुकडा. ‘कॉन्टॅक्ट’मधला ‘कॉन’ म्हणजे ‘सह’. ‘अप्रोच टू द ऑफिसर’ म्हणणे म्हणजे ‘अधिकाऱ्याकडेकडे गेलो’ म्हणण्यासारखे. पण यावरही फार विसंबू नका. ‘डिपेंड’ लॅटिनच आहे, मूळ अर्थ ‘खाली लोंबणे’, आणि त्याला ‘ऑन’ लागतेच.

उलट कुठं होते? मराठीत काही नाही आणि इंग्रजीत लागते असं?

रोजच्या बोलण्यातलीच आहेत, म्हणून जास्त फसवतात. आपण गाणे ऐकतो, ते ‘लिसन टू द साँग’. आपण आभाळ बघतो, ते ‘लुक ॲट द स्काय’. चावी शोधतो, ‘लुक फॉर द की’. पाणी मागतो, ‘आस्क फॉर वॉटर’. बसची वाट बघतो, ‘वेट फॉर द बस’. इथे ‘वेट’ ऐवजी ‘सी’ घालणारेही भेटले, कारण ‘बघणे’ आले ना.

‘लिसन’ आणि ‘हिअर’ यांतला फरक यातच दिसतो. ‘हिअर’ म्हणजे कानावर पडणे, तिथे काही लागत नाही. ‘लिसन’ म्हणजे कान देणे, आणि कान कशाकडे दिला ते ‘टू’ सांगते. ‘सी’ आणि ‘लुक ॲट’ यांचेही तसेच.

लावलं तरी बरोबर आणि नाही लावलं तरी बरोबर, असं असते का?

असते, पण अर्थ बदलतो. मला हा भाग सगळ्यात आवडतो, म्हणून थोडा वेळ घेतो.

२ नोव्हेंबर २०१८ ला यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात टी-१, म्हणजे अवनी वाघीण, गोळी लागून मेली. इंग्रजीत ‘दे शॉट द टायग्रेस’ म्हटले की गोळी तिला लागली. ‘दे शॉट ॲट द टायग्रेस’ म्हटले की गोळी तिच्या दिशेने झाडली. लागली की नाही ते वाक्य सांगत नाही. एका ‘ॲट’मध्ये अख्खी बातमी बदलते. पोलिसांच्या पंचनाम्याचे भाषांतर करायची वेळ आली तर हे आठवा.

‘थ्रो’चे असेच. ‘ही थ्र्यू द बॉल टू मी’, म्हणजे मी झेलावा म्हणून. ‘ही थ्र्यू अ स्टोन ॲट द मंकी’, म्हणजे वानराला लागावा म्हणून. ‘टू’ प्रेमाचा आणि ‘ॲट’ रागाचा, असे मी पोरांना सांगतो. ‘शाउट टू’ म्हणजे धुऱ्यावरून हाक मारणे, ‘शाउट ॲट’ म्हणजे अंगावर ओरडणे.

‘अटेंड द मीटिंग’ म्हणजे सभेला हजर राहणे. ‘अटेंड टू द पेशंट’ म्हणजे रोग्याकडे लक्ष देणे. सभेला ‘अटेंड टू’ लावू नका.

‘सर्च द हाउस’ म्हणजे घराची झडती. ‘सर्च फॉर द हाउस’ म्हणजे घरच सापडत नाही.

‘पे’ जरा नीट समजून घ्या. ‘पे द बिल’, ‘पे द शॉपकीपर’, पण ज्या वस्तूचे पैसे देता तिला ‘फॉर’: ‘पे फॉर द सीड्स’. ‘आय पेड द सीड्स’ म्हटले तर बियाण्याच्या हातात नोटा दिल्यासारखे होते.

‘बिलीव्ह हिम’ म्हणजे त्याचे बोलणे खरे मानणे. ‘बिलीव्ह इन हिम’ म्हणजे त्याच्यावर भरवसा असणे. ‘नो हिम’ (इथला ‘नो’ म्हणजे जाणणे) म्हणजे ओळख आहे, ‘नो ऑफ हिम’ म्हणजे नुसते ऐकून आहे. ‘प्रिपेअर द फील्ड’ म्हणजे वावर तयार करणे, वखरणी वगैरे. ‘प्रिपेअर फॉर द एक्झाम’ म्हणजे परीक्षेसाठी स्वतः तयार होणे. ‘प्रिपेअर द एक्झाम’ तुमचे गुरुजी करतात, पेपर काढतात ते. आणि ‘एन्टर द रूम’ साधे, पण करारात शिरायचे असेल तर ‘एन्टर इन्टू ॲन ॲग्रीमेंट’. बटईचा कागद इंग्रजीत वाचायला मिळाला तर हाच ‘इन्टू’ दिसेल.

लग्नाचं काय? ‘मॅरी विथ’ की ‘मॅरी टू’?

हा प्रश्न ऐकला की मागच्या रांगेत हसू फुटते. ‘रीना मॅरीड राजू’. काहीच लागत नाही. आपण ‘राजूसंगं लग्न केलं’ म्हणतो म्हणून ‘विथ’ तोंडात येते. लग्न झाल्यानंतरची अवस्था सांगायची तर ‘टू’: ‘रीना इज मॅरीड टू राजू’, ‘रीना गॉट मॅरीड टू राजू’. आणि बापाने लग्न लावून दिले तर ‘ही मॅरीड हिज डॉटर टू अ फार्मर’. मॅट्रिमोनीच्या जाहिरातीतले ‘विथ’ बघून शिकू नका.

अर्ज लिहिताना नेमकं काय लिहू?

बँक, तहसील, कॉलेज, सगळीकडे चारपाच क्रियापदेच लागतात. कोणाकडे आणि कशासाठी, हे दोन्ही सांगायचे असते, म्हणून बरेचदा दोन प्रिपोझिशन येतात. ‘आय अप्लाइड टू द बँक फॉर अ क्रॉप लोन.’ ‘आय कम्प्लेन्ड टू द तहसीलदार अबाउट द सर्व्हे.’ विनंती करायची तर ‘आय रिक्वेस्ट यू टू सँक्शन द लोन’. इथला ‘टू’ पुढच्या क्रियापदाचा आहे, ‘यू’चा नाही. ‘आय रिक्वेस्ट टू यू’ कुठेच लिहू नका. आठवण करून द्यायची तर ‘आय रिमाइंडेड द ऑफिस ऑफ माय ॲप्लिकेशन’. माझ्याशी संपर्क करा म्हणायचे, तर ‘प्लीज कॉन्टॅक्ट मी’. ‘कॉन्टॅक्ट विथ मी’ नाही.

‘स्विच ऑफ’, ‘लुक ॲट’ हे सारखेच का?

दिसतात सारखे. ‘इट’ घालून बघा. मोटर बंद करायची: ‘स्विच ऑफ द मोटर’ आणि ‘स्विच द मोटर ऑफ’ दोन्ही चालते, पण ‘इट’ आले की ते मध्येच बसते, ‘स्विच इट ऑफ’. ‘लुक ॲट’मध्ये उलट, ‘लुक ॲट इट’च, ‘लुक इट ॲट’ कधीच नाही. ‘ऑफ’ इथे क्रियापदाचा अर्धा भाग आहे, ‘ॲट’ मात्र पुढच्या नामाला धरून आहे. पहिल्याला फ्रेझल व्हर्ब म्हणतात.

प्रश्न विचारताना किंवा पॅसिव्हमध्ये, म्हणजे कर्मणी प्रयोगात, ते प्रिपोझिशन कुठं जाते?

जात नाही, शेपटीसारखे क्रियापदामागेच राहते. ‘व्हॉट आर यू वेटिंग फॉर?’ ‘द डॉक्टर वॉज सेन्ट फॉर.’ ‘ही वॉज लाफ्ड ॲट.’ पोरांना वाटते वाक्य ‘ॲट’वर कसे संपेल, म्हणून खोडतात. खोडू नका. आणि ज्याला आधीपासून नव्हते त्याला पॅसिव्हमध्येही नाही: ‘द मॅटर वॉज डिस्कस्ड’, पुढे ‘अबाउट’ नाही.

प्रिपोझिशनच्या पुढं क्रियापद आलं तं?

‘आयएनजी’ लावा. ‘ही इन्सिस्टेड ऑन पेइंग.’ ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू.’ तिथला ‘टू’ प्रिपोझिशन आहे, म्हणून ‘टू मीट’ चुकते.

‘कम्प्राइज ऑफ’ पेपरात वाचलं, बरोबर आहे का?

‘कन्सिस्ट’ला ‘ऑफ’ लागते, ‘कम्प्राइज’ला लागत नाही. ‘विदर्भ कन्सिस्ट्स ऑफ ११ डिस्ट्रिक्ट्स.’ ‘विदर्भ कम्प्रायझेस टू डिव्हिजन्स, अमरावती ॲन्ड नागपूर.’ या ‘टू’चा अर्थ दोन, घाबरू नका. ‘इज कम्प्राइज्ड ऑफ’ असे इंग्रज लोकही लिहितात आणि त्यावर आपसात भांडतात. आपण परीक्षेत त्या भांडणात पडू नये.

यूट्यूबवर अमेरिकन बाई ‘राइट मी’ म्हणते. आम्ही ‘राइट टू मी’ शिकलो.

दोघेही बरोबर. अमेरिकेत ‘राइट मी’, ‘प्रोटेस्ट द डिसिजन’, ‘अपील द व्हर्डिक्ट’ चालते. ब्रिटिश पद्धतीत ‘राइट टू मी’, ‘प्रोटेस्ट अगेन्स्ट’, ‘अपील अगेन्स्ट’. आपल्याकडची पाठ्यपुस्तके बहुतेक ब्रिटिश वळणाने जातात, म्हणून परीक्षेत तेच लिहा.

पण साहेब लोकसुद्धा ‘डिस्कस अबाउट’ म्हणतात. मग चूक म्हणायची तरी का?

म्हणतात, आणि समोरच्याला समजतेही. भारतात इतके जण तसे बोलतात की काही अभ्यासक त्याला भारतीय इंग्रजीची लकब मानतात. मी बोलताना कोणाला टोकत नाही. नवखा पोरगा कसाबसा वाक्य जुळवत असताना ‘अबाउट’वरून अडवले तर तो पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही. पण तलाठी भरतीच्या पेपरात इंग्रजीचा वेगळा भाग असतो, आणि तिथे ‘एरर शोधा’ असे आले तर हाच ‘अबाउट’ बसलेला असतो. तिथे लकब चालत नाही.

हे सगळं पाठ कसं करू? यादी फार मोठी आहे.

यादी पाठ करू नका, यादीने काही होत नाही. क्रियापद वहीत एकटे लिहू नका, कर्मासकट पूर्ण तुकडा लिहा. ‘डिपेंड म्हणजे अवलंबून असणे’ असे न लिहिता ‘डिपेंड ऑन द रेन’ लिहा. बैल जोडीने जुंपतात तसे. तुकडा आपल्या घरचा असला तर टिकतो: ‘वेट फॉर द पेमेंट’, ‘बिलाँग टू माय अंकल’, ‘कम्प्लेन अबाउट द व्होल्टेज’.

मोबाईलमध्ये शिकणाऱ्यांसाठीची इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी घ्या, नुसती इंग्रजी-मराठी नको. इंग्रजी-मराठीत ‘डिस्कस : चर्चा करणे’ एवढेच मिळते, आणि आजार तिथूनच लागतो. शिकणाऱ्यांच्या डिक्शनरीत क्रियापदापुढे ‘समथिंग’ थेट येते की मध्ये ‘फॉर’, ‘ऑन’ येते ते दाखवलेले असते. ही सोय आपल्यासारख्यांसाठीच निघाली. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. तिथल्या मुलांचीही हीच अडचण बघून त्यांनी सहकाऱ्यांसोबत क्रियापदांचे साचे दाखवणारा कोश केला, तो १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला.

सरावासाठी काही द्या ना.

रिकाम्या जागी प्रिपोझिशन हवे का, हवे तर कोणते, ते सांगा.

१. शी मॅरीड … अ टीचर फ्रॉम वरुड.
२. वी आर वेटिंग … द मान्सून.
३. द सरपंच आन्सर्ड … ऑल द क्वेश्चन्स.
४. प्लीज रिप्लाय … माय लेटर.
५. द बस रीच्ड … वणी ॲट नाईन.
६. द बस अराइव्हड … वणी ॲट नाईन.
७. द बॉइज थ्र्यू स्टोन्स … द मंकी.
८. देअर इज अ डिमांड … ऑरेंजेस.

उत्तरे: १, ३ आणि ५ मध्ये काही नाही. २ आणि ८ मध्ये ‘फॉर’, ४ मध्ये ‘टू’, ७ मध्ये ‘ॲट’. सहाव्यात ‘इन’, पण वणीला उतरायचे नसून बस तिथे नुसती थांबून पुढे चंद्रपूरला जाणार असेल, तर ‘ॲट’ही बरोबर.